एकही फट नको

"फट! सुनंदा, फट आहे तिथे! मला इथून दिसतेय आणि तुला तिथे उभं राहून दिसत नाही?" पप्पा शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून ओरडत होते. एका हातात सिलिकॉनची बंदूक, दुसऱ्या मनगटात बांगड्यांसारखी चढवलेली चिकटपट्टीची भेंडोळी, आणि कमरेला कंपनीचा सेफ्टी बेल्ट, त्याचा हूक खिडकीच्या गजात अडकवलेला. शिडी एकूण चार पायऱ्यांची. खाली आठव्या महिन्याची गरोदर माझी आई, एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हातात मेणबत्ती घेऊन खिडकीच्या चौकटीजवळून हळूहळू फिरवत होती. ज्योत हलली की तिथून वारा येतो, हे पप्पांचं इन्स्पेक्शन. "अहो, नाही हलली ज्योत," आई म्हणाली. "हलली! अर्धा मिलिमीटर हलली!" "ती तुमच्या ओरडण्याने हलली," आई म्हणाली आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून टाकली. त्यावर पप्पांनी मला हाक मारली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, नावाने वैजयंती, घरात वैजू, आणि त्या संपूर्ण हिवाळ्यात हुद्द्याने 'शिडी धर'.

आम्ही मूळचे जुबैलचे. म्हणजे मूळचे नाशिकचे, पण सौदी अरेबियातल्या जुबैलमध्ये बारा वर्षं काढली की माणूस मुळासकट भाजून निघतो. तिथे थंडी नावाची वस्तू आम्ही फक्त फ्रीजमध्ये ठेवायचो. स्वेटर हा शब्द मला शाळेतल्या पुस्तकातून माहीत होता. पप्पा तिथे एका ठेकेदार कंपनीत सेफ्टी ऑफिसर. तेलाच्या, रसायनांच्या प्रचंड टाक्या रिकाम्या करून आत माणसं साफसफाईला उतरवायची, तर आधी पप्पा दोरीला बांधून मीटर आत सोडणार, आकडे बघणार, कागदावर सही करणार, मग माणूस उतरणार. त्यांच्या सहीशिवाय तिथे डासही टाकीत शिरत नसे असं ते सांगत, आणि मला ते खरं वाटायचं, कारण आमच्या घरातही त्यांच्या सहीशिवाय काही होत नसे. मग कंपनीने त्यांना दक्षिणेला, खमीस मुशैतजवळच्या एका इंधनाच्या डेपोवर पाठवलं. कुणाला विचारलं? कुणालाही नाही. मला एका गुरुवारी संध्याकाळी कळलं की माझी शाळा, माझ्या मैत्रिणी आणि माझा दहावीचा वर्ग हे सगळं जुबैलला राहणार आणि मी डोंगरावर जाणार. खमीस गावात घरं होती, कंपनीची माणसं तिथेच राहायची. पण पप्पांनी आणखी वर, ढगांच्या शेजारी, डोंगराच्या कडेवर एका दगडी घराचा वरचा मजला घेतला. का? तर आईला स्वच्छ हवा मिळावी म्हणून. दोनदा आई दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आली होती. हे तिसरं बाळ माझ्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी येत होतं, आणि पप्पांनी ठरवलं होतं की या वेळी काही चुकणार नाही. माणसाने असं ठरवलं की त्याच्या आसपास राहणाऱ्यांचे किती हाल होतात ते मला विचारा.

आणि ती थंडी! मी सांगते त्यातलं अर्धं सोडून दिलंत तरी चालेल, उरलेलं अर्धं पुरेसं आहे. आमचं खोबरेल तेल ऑक्टोबरात जे दगड झालं ते डोक्याला लावायचं तर आधी किसणीवर किसून घ्यावं लागे. इडलीचं पीठ आंबवायला ठेवलं होतं, ते माझ्या मते अजून तिथे आंबतंय. वाळत घातलेली पप्पांची विजार दोरीवरून काढली की स्वतःच्या पायांवर उभी राहायची. एकदा मी तिला भिंतीला टेकवून ठेवलं आणि आईने तिला "जेवायला बसा" म्हटलं. ढग तर खालच्या दरीतून चालत चालत वर यायचे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत, कढईवरून फिरून फोडणीचा वास घेऊन बाहेर. गच्चीच्या कठड्यावर माकडं, भुरकट दाढीमिशांची, एकेक कुत्र्याएवढं, ओळीने बसून आमच्याकडे असं बघायची की जणू घर त्यांचं आणि आम्ही भाडेकरू. त्यांच्या अंगावर निदान केस होते. आमच्याकडे जुबैलहून आणलेल्या तीन पातळ चादरी आणि चार एसीचे रिमोट.

पप्पांनी थंडीची तयारी प्लांट बंद करायच्या कामासारखी हाती घेतली. भिंतीवर यादी लागली. खिडक्या सात, दारं चार, गळतीच्या जागा एकोणचाळीस. जुन्या माणसांनी बांधलेलं ते घर, चौकटी वाकड्या, दारं आपल्या मनाने उघडणारी, आणि आईची खोली तर सगळ्यात वारा खाणारी. पप्पांनी तिथे आधी फटींत फोम भरला, त्यावर सिलिकॉन, त्यावर पट्टी, त्यावर खिडकीच्या आकाराचं जाड प्लास्टिक, त्यावर पुन्हा पट्टी. वरच्या बाजूला एक विटेएवढं भोक होतं, बांधणाऱ्यानेच ठेवलेलं. ते तर त्यांनी सिमेंटने बुजवलं आणि खाली उतरून हात झटकत म्हणाले, "कसल्या माणसांनी घर बांधलंय! भिंत पूर्ण करायची राहिली ती राहिलीच." मला त्या वेळी ते पटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांना जे जे बोलले त्यात हे सांगायचं विसरले.

मग आजी आली. आईची आई, सिन्नरहून, व्हिजिट व्हिसावर, उंची चार फूट दहा इंच, आवाज सात फूट. तिच्या दोन बॅगांत कपडे म्हणून दोन लुगडी होती. बाकी डिंक, अळीव, बाळंतशोपा, सुंठ, ओवा, वेखंड, खारका, धुरीला लागणारं सगळं आणि बाळासाठी अंगड्या-टोपड्यांचा ढीग. खसखस तेवढी आणू नका, इथे तिच्यावर बंदी आहे, थेट तुरुंगात टाकतात, असं पप्पांनी फोनवर अकरा वेळा बजावलं होतं. त्यामुळे आजी विमानतळावरच या अख्ख्या देशावर चिडून उतरली. "खसखशीशिवाय डिंकाचा लाडू? त्याला लाडू म्हणतात? मग दगडच खाऊ घाला माझ्या लेकीला!" ती लाडू वळताना रोज नव्याने चिडायची. ते लाडू मात्र असे व्हायचे की मी चोरून खाल्लेले मोजायचे तर माझ्या वजनावरून मोजावे लागतील.

बाळ आलं ते ऐन थंडीत, दुपारी, काहीही गडबड न करता. मुलगा. लालबुंद, मुठी आवळलेला, आमच्या घरात शोभेल असा चिडका. दवाखान्यातून घरी आणलं आणि आजीने खोलीचा ताबा घेतला. पप्पांनी आणलेला विजेचा हीटर तिने पहिल्याच दिवशी दाराबाहेर ठेवला. "जावईबापू, ही ऊब कोरडी आहे. हिने बाळंतीण वाळते. मला शेगडी पाहिजे." पप्पा म्हणाले, "आई, आग म्हणजे रिस्क असते." आजी म्हणाली, "चार बाळंतपणं माझी स्वतःची झाली आणि तेवीस मी केली. सगळ्यांना शेक दिला. तुमच्या रिस्कने किती केली?" खमीसच्या बाजारातून कोळशाची लोखंडी शेगडी आली, पोतंभर कोळसा आला, आणि पप्पांनी आपल्या बाजूने एवढंच केलं की दाराच्या खाली जिथून ऊब बाहेर जाते तिथे गोधडीची गुंडाळी लावली. फुकट जायला नको म्हणून. आणि मग रोज सकाळी मालिश, अंघोळ, धुरी, शेक. दार घट्ट बंद. बारा दिवस परक्याचं पाऊल आत नको, वारा नको, नजर नको.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आईचं डोकं दुखायला लागलं. आजीचंही. आई म्हणायची, डोळ्यांपुढे अंधारी येते. पप्पा म्हणाले, "उंचीचा त्रास. इथे हवा विरळ असते, शरीराला सवय व्हायला महिना लागतो." आजीने दोघींच्या कपाळावर सुंठेचा लेप लावला. माझं डोकं कधी दुखलं नाही, कारण मला त्या खोलीत थांबू देत नव्हते. मी पाणी तापव, दुपटी धू, वर वाळत घाल, खाली आण यातच. माझी अक्कल बघा, मला हेवा वाटायचा त्यांच्या उबेचा.

आता उम्म सालेह. आमच्या घराची मालकीण, खालच्या मजल्यावर राहायची. सत्तरीची असेल, पण डोंगर चढताना शेळ्या तिला वाट द्यायच्या. डोक्याच्या रुमालावर रुंद काठांची गवताची टोपी, हातापायांवर मेंदी, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचा माणूस "काय?" म्हणून विचारायचा. तिला आणि आजीला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मध्ये मी. मला अरबी जुबैलच्या दुकानांतून आणि शाळेतून जेवढी यायची तेवढी यायची, पण माझ्या घरच्यांना शून्य यायची, म्हणून मी पंडित. बाळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी उम्म सालेह वर आली, मोठं लाकडी भांडं घेऊन. त्यात अरीका, म्हणजे भाकरी कुस्करून त्यावर तूप आणि इथला डोंगरातला मध, इतका की बोट घातलं तर बुडून जाईल. त्यांच्याकडे बाळंतिणीला हे देतात. तिला बाळ बघायचं होतं. आजी दारात आडवी उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांग तिला, बारा दिवस कुणाला सोडणार नाही. आणि हे ने म्हणावं परत. कसलं तूप, कुठल्या जनावराचं, कुणास ठाऊक." मी उम्म सालेहला सांगितलं, "आजी म्हणते, तुमच्या हातांना अल्लाह बरकत देवो. आई झोपली आहे, उठली की पहिल्यांदा हेच खाईल." म्हातारी खूश होऊन खाली गेली. ते अरीका मी जिन्याच्या वळणावर बसून संपवलं, भांडं चाटून धुतलं आणि परत नेऊन दिलं. "सगळं खाल्लं?" उम्म सालेहने विचारलं. "एक कण ठेवला नाही," मी म्हटलं. यात खोटं काय होतं?

असे नऊ दिवस चालले. रोज भांडं येई, रोज आजी काहीतरी जळजळीत बोले, रोज मी त्याचं गोड भाषांतर करी आणि रोज जिन्यात बसून दोन बाळंतिणींचं खाई. उम्म सालेहला वाटे, काय सुसंस्कृत बाई आहे ही हिंदी आजी! आजीला वाटे, काय निर्लज्ज बाई आहे, इतकं बोलून परत येते! जगात जिथे जिथे शांतता आहे तिथे मध्ये कुणीतरी माझ्यासारखी बसून खात असणार, असं माझं आजही मत आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी पप्पांनी कामावर निघताना बुटाची नाडी बांधता बांधता मला सांगितलं, "वैजू, दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म मी या वर्षी भरत नाहीये. आईला मदत लागणार, आजी महिन्याने जातील. पुढच्या वर्षी दे परीक्षा. एक वर्षाने काय बिघडतं?" मी म्हटलं, "फॉर्मची शेवटची तारीख परवा आहे." ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. वाट बघू नकोस." नाडीची गाठ पक्की केली, ओढून तपासली आणि कंपनीच्या गाडीत बसून गेले. मी आत आईकडे गेले. आई आडवी होती, कपाळावर लेप, डोळे मिटलेले. मी सांगायला लागले तर म्हणाली, "नंतर गं वैजू, डोकं फुटतंय माझं." आजी म्हणाली, "दार लाव आधी. वारा येतोय. मुलीच्या जातीला कसली गं घाई परीक्षेची?"

त्या क्षणी मला जो राग आला तो अजून माझ्याकडे शिल्लक आहे. चाळिशी उलटली, त्यातला थोडा थोडा वापरते, तरी संपत नाही. आम्ही जुबैल सोडलं ते मला विचारून नाही. ढगात राहिलो ते मला विचारून नाही. मी शिडी धरली, दुपटी धुतली, बर्फासारख्या पाण्यात माझी बोटं वांग्यासारखी झाली, आणि आता माझं वर्ष, अख्खं वर्ष, एका बुटाच्या नाडीएवढ्या वेळात कुणीतरी गुंडाळून फटीत कोंबलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच उम्म सालेह भांडं घेऊन वर आली. आजी दारात आली, आपल्यामागे दार ओढून घेतलं. उम्म सालेह हसून म्हणाली, "उद्या बारावा ना? आज एकदा लांबून बघू दे. दारातूनच." मी आजीला ते जसंच्या तसं सांगितलं. आजीचंही डोकं ठणकत होतं. ती म्हणाली, "काय लोचट बाई आहे! सांग तिला, तुझी सावली नको माझ्या नातवावर. आणि हे चिकट मढं उचल, कुत्र्याला घाल जा." आणि मी, जी नऊ दिवस मधाची धार धरून भाषांतर करत होते, त्या मीच एकेक शब्द शोधून, नीट जुळवून, उम्म सालेहच्या डोळ्यांत बघून सांगितलं. सावली. नातू. चिकट मढं. कुत्रा. कुत्र्यासाठी त्यांच्याकडे किती वाईट शब्द आहे ते मला माहीत होतं. मला कुणालातरी दुखवायचं होतं, आणि पप्पा हाताशी नव्हते.

उम्म सालेहने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, भांड्यावरचं फडकं नीट केलं आणि जिना उतरून गेली. आजी म्हणाली, "आज बरी लवकर गेली," आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतून गोधडीची गुंडाळी सरकवल्याचा आवाज आला. मी पुस्तक घेऊन गच्चीवर गेले. मला कुणाचंही तोंड बघायचं नव्हतं. धुकं असं की हातातलं पुस्तक दिसेना, तरी मी पानं उलटत होते. तास गेला असेल, दोन गेले असतील. खालच्या मशिदीतून दुपारची बांग झाली. माकडंही गप्प होती. खालून एकदाही हाक आली नाही. एरवी दर पाच मिनिटांनी "वैजू पाणी, वैजू दुपटं." मला वाटलं, असू दे, चिडली आहे हे कळलं असेल सगळ्यांना.

मग जिन्यात ओरडणं सुरू झालं. उम्म सालेहचा आवाज, पण असा मी कधी ऐकला नव्हता. डोंगर फुटून वर येत असल्यासारखा. मी धावत खाली आले तेव्हा ती आईच्या खोलीच्या दारावर दोन्ही मुठींनी मारत होती. "उघड! उघड, बाई!" आतून उत्तर नाही. तिने दार ढकललं, ते अर्धा वीत हलून गोधडीवर अडकलं. तिने खांदा लावला. सत्तर वर्षांची बाई. मी शपथेवर सांगते, दार बिजागरीसकट आत गेलं.

आत आजी भिंतीला टेकून बसलेली, तोंड उघडं, हातात चिमटा. आई पलंगावर, चेहरा गुलाबी, एकदम तजेलदार, आणि हाक मारली तर हलेना. बाळ तिच्या कुशीत, मुठी उघडलेल्या. शेगडी मस्त फुललेली, खोली कशी छान उबदार. उम्म सालेहचं ओरडणं मध्येच तुटलं. तिने एकदाच शेगडीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग आजीच्या हातातला चिमटा ओढून घेतला आणि पप्पांच्या प्लास्टिकवर, पट्टीवर, काचेवर जो घाव घातला! काच खाली दरीत जाईपर्यंत ती दुसरी फोडत होती. थंडी आत घुसली, भुकेल्यासारखी. तिने बाळ उचललं, पालथं हातावर घेतलं आणि गच्चीकडे धावली. जाता जाता मला ओरडली, "बिंत! पोरी! आईला ओढ! यल्ला, लवकर!" मी आईला गोधडीसकट ओढली. मग आजीला. आजी चार फूट दहा इंच, पण त्या दिवशी हत्ती झाली होती. गच्चीवर धुक्यात उम्म सालेह बाळाच्या पाठीवर थोपटत होती, तोंडाने फुंकत होती, शिव्या देत होती, प्रार्थना करत होती, मला कळेना कुठलं काय आहे. मग बाळ रडलं. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं. मी त्यानंतर पुष्कळ गाणं ऐकलं, पैसे देऊन ऐकलं, जाऊ दे.

उम्म सालेहचा मुलगा, सालेह, त्याच्या पिकअपमधून आम्ही घाट उतरलो. मागे आई, आजी, मी. पुढे उम्म सालेह, बाळ छातीशी, काच पूर्ण खाली. दवाखान्यात तिघांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या, हिंदीत म्हणाल्या, "और आधा घंटा होता तो..." आणि पुढचं मला सांगितलं नाही, नर्सला मल्याळममध्ये सांगितलं. संध्याकाळपर्यंत आई शुद्धीवर आली. बाळ काचेच्या पेटीत, पण गुलाबीचं पुन्हा साधं लाल झालेलं आणि चिडलेलं.

पप्पा आले ते डेपोवरून थेट, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र, आणि छातीला लावलेला तो छोटा पिवळा मीटर, गॅस असला की ओरडणारा. तो बघितला आणि माझा तोल गेला. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये मी पप्पांवर जी ओरडले ती सात डोंगर ऐकत होते. "परक्या माणसाला टाकीत सोडायचं तर आधी मीटर सोडता! सही करता! आणि आईला? आईला कोंडलं तुम्ही! बाळाला कोंडलं! भोक होतं भिंतीत, तेसुद्धा बुजवलंत! आणि डोकं दुखतंय म्हणून रोज सांगत होती ती! उंची? उंची म्हणे!" लोक थांबून बघत होते. पप्पा अडवतील, गप्प कर म्हणतील, थोबाडीत देतील असं मला वाटत होतं, किंबहुना द्यावी असं वाटत होतं. त्यांनी हेल्मेट काढलं, बाकावर बसले आणि मीटर हातात घेऊन त्याचं बटण दाबत राहिले. तो प्रत्येक वेळी शून्य दाखवत होता. माझ्या फॉर्मवर त्यांनी दुसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेच्या आत, तिथेच त्या बाकावर बसून सही केली. मी कागद पुढे केला, त्यांनी पेन काढलं. मला त्या सहीचा आनंद झाला नाही. आजही कुणी मला सहज काही देऊन टाकलं की मी आधी पलंगावरचं माणूस श्वास घेतंय का बघते.

पण मी सही सांगायला बसले नव्हते. दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी आजीला बोलता यायला लागलं होतं. मास्क बाजूला करून ती म्हणाली, "कोण गं ती? देवीच धावली." नर्स म्हणाली, माशाअल्लाह, म्हाताऱ्या माणसांना आतून समजतं. सालेहने पिकअपमध्येच सांगायला सुरुवात केली होती की त्याच्या आईला लहानपणापासून संकटाची चाहूल लागते, एकदा तिने पुरातून शेळ्या वाचवल्या होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या शेळ्यांची उंटं झाली होती. पप्पा मात्र बाकावर विचार करत बसले होते. त्यांच्या डोक्यात वेगळंच अडकलं होतं. "वास नसतो कोंडलेल्या कोळशाच्या वायूला," ते स्वतःशीच म्हणत होते. "रंग नसतो. धूर नसतो. मीटरशिवाय कळूच शकत नाही. दार बंद, मजला वेगळा. हिला कळलं कसं?" मग उठले, उम्म सालेहपुढे जाऊन उभे राहिले, हात जोडले, आणि मला म्हणाले, "वैजू, विचार त्यांना. नीट विचार. मला कळायला हवं. काय बघितलं त्यांनी, काय ऐकलं, नेमकं कशावरून कळलं?"

आजी मास्कच्या वरून बघत होती. आई पलंगावरून मान वळवून बघत होती. त्या सगळ्यांत एकट्या मला माहीत होतं की इतके दिवस गोड करून सांगितलेलं आजीचं बोलणं सकाळी मी या बाईला जसंच्या तसं ऐकवलं होतं. आणि आता ती ते सगळ्यांसमोर सांगणार होती. मी हळू आवाजात, जमेल तितक्या आदराने विचारलं. उम्म सालेहने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तिच्या मेंदीच्या हातांना काचेच्या जखमांवर पट्ट्या बांधल्या होत्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कळलं काहीच नव्हतं. मी भांडायला आले होते."